सवतीचा घास

४ नोव्हेंबर २०२४

पोचले एकदाची बालाघाटला. तुमसरहून कटंगीपर्यंत उभ्याने, आणि पुढे एका आजीची कोंबडी मांडीवर घेऊन. कोंबडी आजीपेक्षा शहाणी निघाली. स्टँडवर अनुरागदादा न्यायला आले होते. ते माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे असतील, तरी मला दीदी म्हणाले. इकडे नर्स म्हटली की दीदीच.

घर मस्त आहे. पुढे पेरूचं झाड, आणि मला दिलेल्या खोलीच्या खिडकीतून पेरू थेट हाताला येतो. होस्टेलवर अशा खोलीत आम्ही चौघी राहायचो. अनुरागदादांचे वडील मुकुंदकाका वनखात्यातून रिटायर झालेले, बोलायला गोड, चहा स्वतः करतात. अनुरागदादांची नोकरी जबलपूरला आहे, बायको-मुलं तिकडेच. आईच्या आजारपणासाठी ते लांब रजा टाकून आलेत. आणि माझ्या पेशंट उमाकाकू.

काकूंच्या गालाच्या आतल्या कॅन्सरचं ऑपरेशन गणपतीत झालं. आता गोंदियाला रेडिएशन चालू आहे. इकडे त्याला सगळे सिकाई म्हणतात. तोंड आतून सोललंय, घोटभर पाणीही गिळवत नाही, म्हणून नाकातून पोटात नळी टाकली आहे. नळीतून वेळच्या वेळी खाणं द्यायचं, नळी स्वच्छ ठेवायची आणि वजन पडू द्यायचं नाही, एवढंच माझं काम. या कामात मी पटाईत आहे. स्वतःच्या रोजनिशीत हे लिहायला लाजायचं कशाला?

६ नोव्हेंबर

बस्तान बसलं. सकाळी दूध, अंडं आणि केळं मिक्सरमधून काढून मलमलीच्या फडक्याने गाळते. मग दाळीचं पाणी, प्रोटीनची पावडर, दुपारी पुन्हा दूध. काकूंना उशांना टेकून बसवायचं, आधी रिकाम्या सिरिंजने मागे ओढून नळी पोटातच आहे ना ते बघायचं, मग सिरिंज उंच धरून हळूहळू सोडायचं. शेवटी साधं पाणी, म्हणजे नळी तुंबत नाही. मी हे करताना बडबड करत असते. काकूंना बोलता येत नाही, पण डोळ्यांनी हसतात. काही सांगायचं असलं तर पाटीवर लिहितात.

आज त्यांच्याबरोबर गोंदियाला गेले. रजेगावचा पूल ओलांडला की तासाभराच्या आत दवाखाना. सिकाईच्या वेळी चेहऱ्यावर आणि खांद्यांवर जाळीचा मुखवटा बसवतात. तो त्यांच्याच मापाचा केलेला आहे. वजन पडलं, चेहरा सुकला, तर मुखवटा सैल होतो, नेम चुकतो आणि सिकाई थांबवावी लागते. थांबली तर आतापर्यंतचं पाण्यात. डॉक्टरांनी हे मला दोनदा सांगितलं. मी म्हटलं, काळजी नको.

एक गंमत. अनुरागदादा काकूंना मम्मी म्हणतात. मी चिडवलं की मराठी घरात आई म्हणायला काय होतं. ते नुसतेच हसले आणि गाडी धुवायला गेले.

११ नोव्हेंबर

वजन जवळजवळ किलोभर कमी. पहिल्या आठवड्यात असं होतं. मी दुधात साय घातली, पावडर वाढवली.

एक गोष्ट लक्षात आली आहे. नळीला सिरिंज लावली की काकूंचा हात गळ्याकडे जातो, काहीतरी चाचपतो आणि तसाच खाली येतो. काकांना विचारलं तेव्हा ते जरा अवघडले. उमाकाकू त्यांची दुसरी बायको. पहिली, संध्या, तरुणपणीच गेली. लग्नात काकूंच्या गळ्यात पहिलीच्या नावाची चांदीची पुतळी घातली होती, नखाएवढी, बाईची आकृती कोरलेली. जेवायला बसलं की पहिला घास त्या पुतळीला लावायचा, बाजूला ठेवायचा आणि मगच आपण जेवायचं. सवतीचा मान. काकूंनी तो इतकी वर्षं पाळला. मुखवट्यासाठी गळ्यातलं सगळं काढायला लागलं, तेव्हा पुतळी देव्हाऱ्यात ठेवली. आणि आता घासच नाही तर लावणार काय?

आमच्या घरी देव्हारा नाही, टाक नाहीत, बुद्धाची तसबीर आहे. पण कोणाच्या सवयीला हसू नये, एवढं आईने शिकवलं आहे. काकूंना सवयीची चुकचुक लागली आहे, बाकी काही नाही.

१५ नोव्हेंबर

आणखी उतरलं. काट्याखाली टाइल हलतेय का बघितलं. काटा बदलून आणला. स्वतः उभी राहिले, माझं वजन नेहमीचंच भरलं. काकूंना उलटी नाही, जुलाब नाहीत, नळी कुठे गळत नाही. दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंना फोन केला. त्यांनी हिशोब करून सांगितलं की एवढ्यात तर वजन वाढायला हवं. मी रोज काय देते हे त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. मी खोटं बोलतेय असं त्यांना वाटलं असणार, आणि मला त्याचा फार राग आला.

काकूंच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. अनुरागदादा बघतात आणि बाहेर जातात.

१८ नोव्हेंबर

डॉक्टर स्पष्ट बोलले. आणखी थोडं जरी उतरलं तरी सिकाई थांबवतील. परतताना रजेगावच्या पुलावर काकूंनी माझा हात धरला, जणू मलाच धीर हवा होता. मला खरंच हवा होता.

१९ नोव्हेंबर

हे नीट लिहून ठेवते, म्हणजे उद्या वाचल्यावर माझं मलाच हसू येईल.

दुपारचं दूध दिलं. नेहमीसारखं सावकाश उतरत होतं. मग एकदम सिरिंजमधलं सगळं दूध सुर्रकन खाली गेलं, कोणीतरी दुसऱ्या टोकाने ओढून घेतल्यासारखं. काकू हलल्या नव्हत्या. मी लगेच सिरिंज मागे ओढून बघितली. मिनिटही झालं नव्हतं, पोटातून थोडं तरी दूध परत यायला हवं होतं. काही आलं नाही. नळी जागेवरच होती, मी सगळ्या प्रकारे तपासलं. पोट रिकामं. नुसती हवा आली, आणि तिला वास होता. चिन्नौर तांदळाच्या गरम पेजेचा. तो वास ओळखायला चुकणं शक्य नाही, सगळी खोली भरते त्याने. या घरात मी आल्यापासून चिन्नौर शिजलेला नाही.

काकूंनी डोळे मिटले होते. त्यांना माहीत होतं.

२० नोव्हेंबर

आज मी पाटी त्यांच्या हातात दिली आणि सरळ विचारलं. त्यांनी लिहिलं, "आधी तिले. मंग मले."

काकांना अंगणात गाठलं. ते पेरूच्या झाडाकडे बघत बोलले. "मी बैहरले नोकरीले होतो. संध्या तिथंच वारली. अनुराग आठ दिवसाचा होता. धनुर्वातानं तिचं तोंडच मिटलं, दात उघडेनात. चिन्नौरची पेज मागितली होती तिनं. मी कटोरी घेऊन बसून राह्यलो, चमचा काही आत गेला नाही. उपाशी गेली ती." मग म्हणाले की अनुरागला आई म्हणायला कोणी मिळालीच नाही. उमाने स्वतःहूनच मम्मी शिकवलं, तो शब्द तिच्यासाठी राखून ठेवला.

मला रडू आलं. भीती नाही वाटली, तेव्हा तरी नाही. मी विचार केला, पेशंटचं मन शांत झालं तर अंगाला लागेल. पुस्तकातही असं आहे. चमचाभर दूध पुतळीला लावायला माझं काय जातं?

२१ नोव्हेंबर

पुतळी कोमट पाण्याने धुऊन घेतली. काकूंच्या गळ्यात घालता येत नाही, सिकाईने मानेची कातडी लाल होऊन सोलली आहे, दोरा टेकवणंही नको. उशाशी ठेवली तर त्या हात लांब करून शोधत राहतात आणि नळी ओढली जाते. मग मला सोपा उपाय सुचला. मी सतत त्यांच्याजवळ असते, तर माझ्याच गळ्यात घालावी. प्रत्येक खाण्याआधी पहिला चमचा तिला लावायचा, झालं. काळ्या दोऱ्यात ओवून घातली.

काकूंनी जोरजोरात मान हलवली. पाटी मागत होत्या. पण दूध निवत होतं, आणि त्या औषधालाही अशीच मान हलवतात, म्हणून मी नंतर देते म्हटलं. मग पाटी द्यायची राहूनच गेली. माझ्या गळ्यात पुतळी आईने बघितली असती तर कान उपटले असते.

दूध सावकाश उतरलं, अगदी सावकाश. नंतर ओढून बघितलं तर पोटात होतं.

२५ नोव्हेंबर

वाढलं. फार नाही, पण वाढलं! डॉक्टरांनी माझं कौतुक केलं. मुखवटा नीट बसतो आहे. काकांनी येताना समोसे घेतले. मला मात्र एकच खाववला, दुसरा घशाशी आला. धावपळीने भूक मेली असणार.

काकूंनी घरी आल्यावर पाटीवर लिहिलं की ती पुतळी गळ्यातून काढ. मी म्हटलं, जमलंय ते बिघडवायचं काहून? त्यांच्याच भाषेत बोलले की त्या हसतात. आज हसल्या नाहीत.

३० नोव्हेंबर

काकूंचे गाल भरले आहेत. बांगड्या मनगटावर आल्या.

माझी सलवार नाडी घट्ट करूनही घसरते. काट्यावर उभी राहिले आणि उतरले. पुन्हा उभी राहिले. जेवढं काकूंचं वाढलंय, त्याहून जास्त माझं गेलंय. मी जेवते. समोर बसून, ताट संपवून जेवते. चव लागत नाही, आणि उठल्यावर पोट सकाळइतकंच रिकामं असतं.

अनुरागदादांनी विचारलं, काय खावंसं वाटतं. मी काही न ठरवता म्हणाले, चिन्नौरची पेज. ते माझ्याकडे बघतच राहिले.

२ डिसेंबर

पुतळी काढून देव्हाऱ्यात ठेवली. आज सोमवार, दवाखान्यातून आल्यावर लगेच. मी मूर्ख नाही. नर्स आहे, पण मूर्ख नाही.

दुपारच्या दुधाला सुर्र.

४ डिसेंबर

मुखवटा सैल. तंत्रज्ञाने बोट घालून दाखवलं. डॉक्टर म्हणाले, अजून दोन दिवस बघू, नाहीतर थांबवावं लागेल. सिकाईचा शेवट अगदी जवळ आला आहे. एवढ्या जवळ येऊन.

काकांनी माझ्यासमोर हात जोडले. त्यांच्या वयाच्या माणसाने असं करू नये. अनुरागदादा म्हणाले, "दीदी, बस पुढच्या हप्त्यापर्यंत. फिर उतार देना." म्हणजे त्यांना कळलंय. दोघांनाही कळलंय. माझ्या ताटात जास्तीची पोळी वाढताना, तूप वाढताना, ते सगळं बघत होते आणि कोणी काही बोललं नाही.

काकूंनी पाटीवर लिहिलं, "नको घालू. मले मरू दे."

मी पाटी पुसली. मग दोरा गळ्यात घातला. दुसरं काय करायचं होतं मी? पेशंट माझी आहे.

६ डिसेंबर

मुखवटा बसला. सिकाई झाली.

सकाळी जबडा आखडला होता. दात घासायला ब्रश आत जाईना. दवाखान्यात दाखवलं. त्यांनी तपासलं, इंजेक्शन दिलं, म्हणाले ताण आहे, विश्रांती घ्या. दुपारी थोडं उघडलं. एक बोट जातं.

आईचा फोन आला. आवाज असा का येतोय विचारत होती. म्हटलं, सर्दी. घरी ये म्हणाली. पुढच्या आठवड्यात येते म्हटलं. रडले, पण फोन ठेवल्यावर.

८ डिसेंबर

बैहरच्या क्वार्टरमागे जांभळाचं झाड होतं. त्याच्या मुळाशी मुंगळे फार, म्हणून पाळणा तिकडे बांधायचा नाही.

हे मला कोणी सांगितलं? काकांनी? नाही. मी बैहर बघितलेलं नाही —

९ डिसेंबर

स्टँडपर्यंत गेले, भर दुपारी. बॅग घेऊन. कटंगीची बस लागली होती, जागा होती. कंडक्टर चढा म्हणाला. कुठेतरी तान्हं मूल रडत होतं. मी शोधत गेले. दुकानांच्या मागे, गल्लीत — आवाज पुढे पुढे — आणि बघते तर घराच्या फाटकाशी उभी. आत अनुराग खुर्चीत झोपला होता. आवाज बंद.

अनुराग लिहिलं मी. अनुरागदादा.

१० डिसेंबर

जेवण नाही. दात उघडत नाहीत. कडेने पाणी जातं.

दोरा काढला. कातरीने. पुतळी देव्हाऱ्यात. काही फरक — भूक तशीच. पोटात नाही, सगळ्या अंगात. काकूंचं दूध मात्र सावकाश उतरतं आता. पुतळी नसतानाही. तिला ते दूध नको आहे आता.

१२ डिसेंबर

शेवटची सिकाई झाली. काकूंचं वजन राखलं. डॉक्टर खूष. नळी अजून काही दिवस राहील, पण चमचाभर पातळ पेज तोंडाने देऊन बघा, म्हणाले. मुखवटा आठवण म्हणून घरी दिला. काकांनी तो डिकीत टाकला.

मला गाडीत मागे आडवं करून आणलं. काका म्हणाले, उद्या तिला नागपूरला दाखवू. तिला. माझ्यासमोर.

काम झालं माझं. मी केलं ते. वजन पडू दिलं नाही.

१३ डिसेंबर

घरात चिन्नौर शिजतोय. खरा. वास —

वही मांडीवर घेतली आहे. उशांना टेकून बसवलंय मला. काकूंनी स्वतः बसवलं. मी त्यांना बसवायचे तसं.

काकूंची कटोरी. आज त्या तोंडाने खाणार. चमचा भरला. हात गळ्याकडे गेला — सवय — गळ्यात काही नाही. मग माझ्याकडे बघितलं. रडतायत. चमचा माझ्याकडे —

पहिला घास.

मी तोंड घट्ट मिटलं. स्वतःहून. आज पहिल्यांदा स्वतःहून. मी आम्रपाली. तुमसरची. आई वाट बघते. मी —

काका दारात. अनुराग पण. लहान मुलासारखा उंबऱ्यावर बसलाय. जबडा सुटतोय. आपोआप. पेज गरम. गोड. किती वर्षांनी —

नाही. मी आम्र

तो मला हाक मारतोय. दीदी नाही म्हणत. आई म्हणतोय. ओ द्यायची नाही. ओ द्यायची नाही मला. मी ओ दि